तीनशे मीटर खाली प्राणवायू किती?

गोव्याच्या पश्चिमेला, किनारा मागे पडून बराच वेळ झाल्यावर, अरबी समुद्रात तीनशे मीटर खोलीवरच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती असतो? प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तर म्हणजे एक आकडा. पण तो आकडा मिळवायला जहाज लागतं, हजारो मीटर पोलादी केबल लागते, रात्री-अपरात्री डेकवर उभी राहणारी माणसं लागतात आणि १८८८ मध्ये सापडलेली एक रासायनिक पद्धतही लागते. समुद्रविज्ञानाची साधनं म्हटलं की पाणबुड्या आणि यंत्रमानव आठवतात. मला वाटतं, हे शास्त्र कसं चालतं ते समजून घ्यायचं असेल तर अशा एखाद्या साध्या आकड्याचा माग काढावा. बहुतेक सगळी यंत्रसामग्री त्याच वाटेवर भेटते.

आधी हा आकडा हवाच कशाला, ते सांगतो. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून १००० मीटरपर्यंत पाण्याचा एक जाड थर आहे, त्यात प्राणवायू फार कमी असतो. पृष्ठभागाजवळ एक किलो पाण्यात सुमारे २०० मायक्रोमोल (पदार्थाचं सूक्ष्म प्रमाण मोजण्याचं एकक) प्राणवायू असतो. या थराच्या गाभ्यात तो जवळजवळ शून्यावर येतो. कारणं दोन. वरच्या उजेडातल्या पाण्यात प्लवकांची, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म वनस्पती-प्राण्यांची, पैदास प्रचंड होते. ते मरून खाली येतात, जिवाणू त्यांना कुजवतात आणि त्यात प्राणवायू संपतो. दुसरं म्हणजे या समुद्राला उत्तरेकडून आशिया खंडाने बंद केलं आहे, त्यामुळे प्राणवायू घेऊन येणारं थंड पाणी दक्षिणेकडूनच, तेही संथपणे येतं. खर्च जास्त आणि भरणा कमी.

प्राणवायू संपला म्हणून जिवाणू थांबत नाहीत. ते नायट्रेट वापरायला लागतात. मग समुद्रातलं खत वायू बनून निघून जातं आणि वाटेत नायट्रस ऑक्साइड तयार होतो. हा वायू हवेत गेला तर उष्णता अडवण्यात, वजनाला वजन धरलं तर, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी ठरतो. शिवाय हे कमी प्राणवायूचं पाणी पावसाळ्यात किनाऱ्यापर्यंत वर चढतं, आणि तिथे आपले बांगडे, तारल्या, कोळंबी राहतात. म्हणजे त्या आकड्याचा संबंध पृथ्वीच्या तापमानाशी आहे तसाच मालवणच्या मासळी बाजाराशीही आहे.

उपग्रह हे मोजू शकत नाही. इस्रोचे ओशनसॅट मालिकेतले उपग्रह, अगदी नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेला तिसराही, समुद्राचा रंग पाहतात, पृष्ठभागाचं तापमान आणि वारा मोजतात. रंगावरून प्लवक कुठे दाटले आहेत ते कळतं आणि त्यावरून हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना मासळी मिळण्याची शक्यता असलेल्या भागांची माहिती देते. हे काम मोलाचं आहे, पण उपग्रहाची नजर वरच्या पाण्यातच अडते. दोनशेएक मीटरखाली प्रकाश जेमतेम पोचतो, रेडिओलहरी तर लगेच विरतात. मोबाइल, जीपीएस, वायफाय यांतलं काहीही पाण्याखाली चालत नाही. खाली पोचतो तो फक्त आवाज, नाहीतर केबलला बांधून सोडलेली वस्तू. समुद्रविज्ञानाच्या बहुतेक उपकरणांची घडण या एका अडचणीतून झाली आहे.

म्हणून पहिली गरज जहाजाची. गोव्यात दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या काही वर्षांत अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली होती, त्या मोहिमेतून ही संस्था उभी राहिली. पण सुरुवातीला तिच्याकडे खोल समुद्रात जाण्याजोगं स्वतःचं जहाज नव्हतं. १९७६ मध्ये ‘गवेषणी’ आलं. मुळात ते गाळ वाहणारं बार्ज; त्याचं रूपांतर करून भारताचं पहिलं समुद्रसंशोधन जहाज तयार झालं. याच जहाजावर २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरचे मँगनीज, निकेल, तांबं असलेले गोटे भारताने पहिल्यांदा वर काढले, आणि १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातल्या एका मोठ्या क्षेत्राच्या शोधाचा हक्क भारताला मिळाला. दरम्यान १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेलं शंभर मीटर लांबीचं ‘सागर कन्या’ आलं. गोव्याच्या संस्थेकडे आज ५६ मीटरचं ‘सिंधु संकल्प’ आणि २०१४ मध्ये दाखल झालेलं ८० मीटरचं ‘सिंधु साधना’ ही जहाजं आहेत.

संशोधन जहाज मालवाहू जहाजासारखं वेगासाठी बांधत नाहीत. त्याचं खरं कौशल्य एका जागी थांबण्यात असतं. खाली हजारो मीटर केबल सोडलेली असताना जहाज वाऱ्याने सरकलं तर केबल तिरकी होते, यंत्र भलतीकडे जातं. म्हणून आधुनिक जहाजांत उपग्रहावरून आपली जागा पाहत छोटे पंखे सतत फिरवून जहाज स्थिर ठेवायची व्यवस्था असते. डेकवर केबल सोडणारे-गुंडाळणारे मोठाले विंच, मागच्या टोकाला ए-फ्रेम नावाची वजन उचलून बाहेर झुकणारी चौकट, खाली ओली प्रयोगशाळा आणि कोरडी प्रयोगशाळा. ओल्या प्रयोगशाळेत चिखल, मासे, पाण्याचे कॅन, कोरडीत संगणक. जहाजाचा एका दिवसाचा खर्च इतका असतो की ते रात्री थांबवणं परवडत नाही. चार-चार तासांच्या पाळ्या लावून चोवीस तास काम चालतं.

आता प्रत्यक्ष आकड्याकडे. मोजणीच्या ठिकाणी पोचल्यावर पाण्यात उतरतो तो सीटीडी (कंडक्टिव्हिटी, टेम्परेचर, डेप्थ). कोणत्याही समुद्रविज्ञान मोहिमेत सगळ्यात जास्त वेळा वापरलं जाणारं हे उपकरण. गोल लोखंडी चौकट, तिच्या मध्यभागी संवेदक आणि भोवती कड्याने उभ्या केलेल्या बारा किंवा चोवीस प्लास्टिकच्या नळकांड्या, प्रत्येकीत साधारण दहा लिटर पाणी मावेल अशा. संवेदक तीन मुख्य गोष्टी मोजतात: पाण्यातून वीज किती सहज जाते, तापमान किती आणि दाब किती. विजेच्या वहनावरून क्षारता काढतात, कारण मीठ जास्त तितकी वीज सहज वाहते. दाबावरून खोली कळते, कारण दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. इतका सूक्ष्मपणा कशाला, असं वाटेल. खोल समुद्रातलं पाणी अत्यंत संथपणे बदलतं, दशकभरात अंशाच्या काही शतांश भागांनी. ढोबळ तापमापकाला हा बदल कधी दिसणारच नाही.

सीटीडी सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने खाली सोडतात. केबलच्या पोटात वीजवाहक तार असते, त्यामुळे आकडे त्याच क्षणी वर जहाजातल्या पडद्यावर येत राहतात. इथे एक सुंदर क्रम आहे. खाली जाताना नळकांड्यांची दोन्ही तोंडं उघडी असतात, पाणी आरपार वाहत राहतं. यंत्र तळापर्यंत नेतात, तोवर पडद्यावर तापमानाची, क्षारतेची, प्राणवायूची रेघ तयार झालेली असते. ती रेघ पाहून शास्त्रज्ञ ठरवतात: वर येताना इथे थांबायचं, इथे, आणि इथे. विंचवाल्याला वायरलेसवर सांगतात, केबल थांबते, बटण दाबलं की एका नळकांडीची दोन्ही झाकणं खटकन बंद होतात. तीनशे मीटरचं पाणी तीनशे मीटरलाच कैद झालं. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभर समुद्राची पाहणी केली, तेव्हा तळाला दोरी लावून वर ओढण्यात तासन्‌तास जात. दोरीच्या वावांवरून (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांइतकी लांबी) खोली मोजायची तो हा काळ. आज चार हजार मीटरचा एक पूर्ण फेरा तीनेक तासांत होतो आणि त्यात प्रत्येक मीटरचा हिशेब मिळतो.

सीटीडीवर प्राणवायूचा संवेदक असतोच, मग पाणी वर आणायचं कशाला? कारण संवेदक सरकतात. दाबाने, वापराने, काळाने त्यांचे आकडे हळूहळू खऱ्यापासून दूर जातात, आणि ते चुकतायत हे त्यांच्याकडे पाहून कळत नाही. म्हणून त्यांना खरं काय ते दाखवून द्यावं लागतं. ते काम नळकांडीतलं पाणी करतं.

चौकट डेकवर आली की रांग लागते, आणि त्या रांगेत पहिला मान प्राणवायू मोजणाऱ्याचा. नळकांडी उघडली की वरच्या मोकळ्या जागेत हवा शिरते, ती पाण्यात विरघळायला लागली तर सगळं वाया. नळकांडीच्या तोटीला रबरी नळी लावतात, तिचं टोक काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवतात, बाटली भरून वाहू देतात, एकही बुडबुडा राहू देत नाहीत. मग लगेच मँगनीजचं द्रावण आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली घालून बूच लावतात. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका तयार होतो. जितका प्राणवायू जास्त, तितका साका गडद. अरबी समुद्राच्या त्या मधल्या थरातलं पाणी असेल तर तो जवळपास पांढराच राहतो. समोर बाटल्या खोलीच्या क्रमाने मांडल्या की तपकिरी, फिकट तपकिरी, पांढरा आणि खोल पाण्यात पुन्हा तपकिरी असा पट्टा दिसतो. मला वाटतं, समुद्रातला प्राणवायू डोळ्यांनी पाहण्याच्या याहून जवळ कोणी जाऊ शकत नाही.

पुढे आम्ल घालून आयोडीन मोकळं करतात आणि थायोसल्फेटचे थेंब मोजत ते संपवतात. त्यात घातलेल्या पिष्टामुळे (स्टार्चमुळे) आलेला निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो, तो थेंब उत्तर सांगतो. ही विंकलर पद्धत. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेली. आज रंग नाहीसा झाल्याचा क्षण बहुधा यंत्र पकडतं, पण रसायन तेच. या पद्धतीलाही मर्यादा आहे. प्राणवायू अगदीच नगण्य असेल तर घातलेल्या रसायनांबरोबर आलेला आणि हाताळणीत शिरलेला अंशमात्र प्राणवायूही मोजला जातो, आणि शून्य असलेलं पाणी शून्य दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ नायट्राइटही तपासतात. या थरात नायट्राइटचा साठा दिसला की जिवाणूंनी नायट्रेट वापरायला घेतलंय, म्हणजे प्राणवायू संपलाय, असं समजतं. डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या एका नव्या संवेदकाने तर नॅनोमोलपर्यंतचं, म्हणजे मायक्रोमोलच्या हजाराव्या भागाचं मोजमाप शक्य केलं. त्याच्या साहाय्याने कळलं की आधी ‘थोडासा आहे’ असं नोंदवलेल्या कितीतरी पाण्यात प्राणवायू नव्हताच.

क्षारतेचीही अशीच तपासणी होते, आणि त्यासाठी जगभरातल्या प्रयोगशाळा एकच गोष्ट वापरतात: बाटलीबंद समुद्राचं पाणी. अटलांटिकमधून घेतलेलं, गाळलेलं, नेमकी क्षारता ठरवून सीलबंद केलेलं. आपल्या यंत्राला ते पाजून आकडा बरोबर येतो का बघायचं, मग आपले नमुने मोजायचे. गोव्यात मोजलेली क्षारता आणि जपानात मोजलेली क्षारता शेजारी ठेवून तुलना करता येते ती या बाटलीमुळे. समुद्रविज्ञानाच्या सुविधांची यादी करताना ही बाटली कोणी लिहीत नाही, पण ती नसेल तर महागडं जहाजही निरुपयोगी आकडे गोळा करत फिरेल.

मोठं जहाज वर्षातून एखाद्या वेळी एका ठिकाणी जातं. मधल्या काळात काय होतं? इथे कांदोळीसमोरच्या पाण्याची गोष्ट सांगायलाच हवी. उत्तर गोव्यातल्या या किनाऱ्यासमोर, जेमतेम पंचवीस-तीस मीटर खोलीच्या पाण्यात, गोव्याची संस्था १९९७ पासून पुन्हा पुन्हा जाऊन मोजते आहे. छोटी बोट, पाण्याच्या नळकांड्या आणि काचेच्या बाटल्या, बस. पावसाळ्यात खोल समुद्रातलं कमी प्राणवायूचं पाणी उथळ भागावर चढतं. त्याच वेळी पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी वर पातळ थर करून बसतं आणि झाकणासारखं खालच्या पाण्याला हवेपासून तोडतं. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी प्राणवायू संपतो, हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू, दिसायला लागतो. हिवाळ्यात प्रवाह उलटला की पाणी पुन्हा सावरतं. डॉ. सय्यद वाजिह अहमद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या या पाण्यातून नायट्रस ऑक्साइडही मोठ्या प्रमाणात तयार होतो. त्यात शेतांतून वाहून येणाऱ्या खतांचा वाटा असू शकतो, हा इशाराही त्यांनी दिला. एका फेरीत हे दिसलं नसतं. एखाद्या वर्षी पाणी लवकर बिघडतं, एखाद्या वर्षी थोडक्यात निभावतं. वर्षानुवर्षांची रांग असेल तरच त्यातला फरक वाचता येतो. समुद्रविज्ञानात मला सगळ्यात मौल्यवान वाटणारी सुविधा हीच: न थांबलेली नोंद. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून आहे. भारताचा समुद्र किती चढला हे विचारताना जगभरचे अभ्यासक त्या नोंदीकडे वळतात.

जिथे माणूस राहू शकत नाही, तिथे यंत्र ठेवून यावं लागतं. तळाला शेकडो किलोंचं वजन, त्यापासून वर उभी केबल, केबलवर ठिकठिकाणी उपकरणं आणि वर ती ताठ ठेवणारे तरंगते गोळे. यांतलं महत्त्वाचं उपकरण प्रवाहमापक. ते पाण्यात आवाज सोडतं. तो पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक कणांवर आपटून परत येतो, आणि परतलेल्या आवाजाचा सूर किती बदलला यावरून प्रत्येक खोलीवरचा प्रवाह कळतो. गोव्याच्या संस्थेने अशा यंत्रांची माळ भारताच्या किनाऱ्यालगत बसवली आहे. डॉ. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून स्पष्ट झालं की आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाह फक्त इथल्या वाऱ्यावर ठरत नाहीत. हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध, उत्तरेकडे वाहतो, कारण श्रीलंकेला वळसा घालून आलेल्या लाटांसारख्या हालचाली बंगालच्या उपसागरातला परिणाम इथवर घेऊन येतात. कांदोळीचं पाणी हिवाळ्यात कसं सावरतं, त्याच्या उत्तराचा एक तुकडा श्रीलंकेपलीकडे आहे.

वर्षभराने जहाज परत येतं आणि पाण्यात एक ठरावीक सांकेतिक आवाज सोडतं. वजनाजवळचा हुक तो ओळखून उघडतो, वजन तळाशी राहतं, बाकीची माळ वर तरंगते. कधी हुक उघडत नाही. कधी ट्रॉलरच्या जाळ्यात माळ ओढली गेलेली असते. पृष्ठभागावर तरंगत मोजणाऱ्या बोयांचं तर आणखी कठीण: त्यांच्या सावलीत मासे जमतात, म्हणून बोटी त्यांना दोर बांधतात आणि संवेदक मोडतात. हे बोये चक्रीवादळाची आणि त्सुनामीची सूचना देणाऱ्या यंत्रणेचा भाग आहेत हे कोळ्यांच्या वस्त्यांत जाऊन सांगण्याचं काम संस्था करतात. ते आणखी वाढायला हवं, कारण ज्याच्या रक्षणासाठी बोया आहे तोच त्याचा सगळ्यात जवळचा राखणदार होऊ शकतो.

गेल्या पंचवीस वर्षांत सगळ्यात मोठा बदल घडवला तो आर्गो या तरंगत्या यंत्रांनी. माणसाएवढ्या उंचीचं हे नळकांडं जहाजावरून टाकून द्यायचं. त्याला पंखा नाही, सुकाणू नाही. आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की आकारमान वाढतं आणि ते वर येतं. तेल आत घेतलं की बुडतं. हजार मीटरवर ते प्रवाहाबरोबर वाहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत जाऊन मोजत मोजत वर येतं, उपग्रहाला आकडे पाठवतं आणि पुन्हा बुडतं. बॅटरी काही वर्षं टिकते. जगभर अशी सुमारे चार हजार यंत्रं आहेत, भारताचा वाटा इन्कॉइस सांभाळते, आणि सगळे आकडे कुणालाही फुकट मिळतात. भर पावसाळ्यात, जेव्हा खवळलेल्या समुद्रात काम करणं अवघड होतं, तेव्हाही ही यंत्रं मोजत असतात. मॉन्सूनच्या अंदाजासाठी हे फार महत्त्वाचं आहे. त्यांतल्या काही यंत्रांवर प्राणवायूचा संवेदकही असतो. तोही सरकतोच. म्हणून वर आल्यावर काही यंत्रं हवेतला प्राणवायू मोजतात, कारण हवेतलं त्याचं प्रमाण पक्कं माहीत असतं, आणि त्यावरून स्वतःची चूक सुधारतात. तरीही यंत्र सोडण्याच्या वेळी शेजारी सीटीडी उतरवून विंकलरच्या बाटलीशी ताडून पाहणं याला पर्याय नाही.

माणूस स्वतः खाली नेणारं ‘मत्स्य ६०००’ चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत तयार होत आहे: टायटॅनियमचा २.१ मीटर व्यासाचा गोळा, तिघांची जागा, सहा हजार मीटरचं लक्ष्य. तिथे दाब पृष्ठभागाच्या सहाशे पट असतो. तळावरचे गोटे, गरम झरे आणि तिथले जीव डोळ्यांनी पाहून निवडण्यासाठी ते लागेल. प्राणवायूच्या थरासाठी मात्र त्याचा उपयोग थोडा.

राहिला शेवटचा प्रश्न: हा थर पूर्वी कसा होता? १९६० च्या आधीचे भरवशाचे आकडे विरळच आहेत, पण तळाचा गाळ आहे. जड नळी वरून सोडली की ती तळात रुतते आणि थरांचा क्रम न मोडता गाळाचा लांब दंडगोल वर येतो. खूप मागे जायचं तर तळाला भोक पाडावं लागतं. २०१५ मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या छिद्रण जहाजाने मुंबईच्या नैऋत्येला खोल समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात, एका भारतीय शास्त्रज्ञाच्या सहनेतृत्वाखाली, तळाखाली सुमारे ११०० मीटरपर्यंत छिद्र पाडलं. त्या गाळात सिंधू नदीने हिमालयातून आणलेली माती आहे, सूक्ष्म जीवांची कवचं आहेत, आणि त्यांच्या रासायनिक घडणीत त्या काळच्या पाण्याच्या आणि मॉन्सूनच्या खुणा. ते जहाज २०२४ मध्ये निवृत्त झालं. गाळाचे दंडगोल मात्र जपानमधल्या कोची प्रांतातल्या थंड भांडारात क्रमांक लावून ठेवलेले आहेत, आणि कुठल्याही देशातला संशोधक काय शोधायचं आहे ते नीट लिहून अर्ज करून त्यांतले नमुने मागू शकतो.